पोराला डोंगरात पाठवू की नको? तो फोन आधी त्याला करू दे

ताई, नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. मुलगा नववीला, साडेचौदा पूर्ण झाले. मुंबईचा त्याचा आतेभाऊ भाऊबीज झाली की दुसऱ्याच दिवशी पाच दिवसांच्या बॅकपॅकिंग कॅम्पला निघतोय. खेडजवळचे रसाळगड, सुमारगड, महिपतगड असे तीन किल्ले, सगळं सामान पाठीवर घेऊन चालत, रात्री देवळात नाहीतर तंबूत, आणि शेवटच्या दिवशी दापोलीजवळ मुरूडच्या बीचवर. आता आमच्या चिरंजीवांनापण जायचंच आहे. पोरगा काटक आहे, वजन ४६ किलो, शाळेच्या कबड्डी टीममध्ये आहे, काकाबरोबर होडीवर जातो, पोहायला तर काही विचारूच नका. लहानपणापासून दमा आहे, दोन वर्षं त्रास कमी आहे पण हवा बदलली की अजून पंप लागतो, आणि तो मित्रांसमोर घेत नाही, पाणी पिऊन येतो सांगून संडासात जाऊन घेतो. आमचे हे म्हणतात, "जांव दे तेका, आमी तेच्या वयात राती कुर्ल्यो (खेकडे) पकडूक जायत होतंव." सासूबाई म्हणतात, "खंय त्या रानात धाडतंस पोराक?" पैसे दोन आठवड्यांत भरायचेत. पाठवू की नको?
एक आई, देवगड तालुका

---

ताई, तुम्ही पोराचं वजन लिहिलंत, कबड्डी लिहिलीत, पोहणं लिहिलंत, आणि त्या सगळ्याच्या मध्ये एका वाक्यात संडासातला पंप सांगून पटकन पुढे गेलात. मी मात्र तिथेच अडकले. कारण बाकीचं सगळं ठीक आहे हो, तुमचा मुलगा अंगानं त्या कॅम्पमधल्या अर्ध्या शहरी पोरांपेक्षा तयार असणार यात मला काही शंका नाही, पण डोंगरात पोरगं अडचणीत येतं ते बहुतेक वेळा ताकद संपली म्हणून नाही, काहीतरी होतंय ते बोललं नाही म्हणून येतं.

मी २२ वर्षं शाळेत शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं दिवाळीनंतर पोरांना घेऊन कुठल्यातरी गडावर जायचे, तेव्हाचा एक मुलगा मला अजून आठवतो. दहावीचा, तालुक्यात लांब उडीत पहिला आलेला, सगळ्यात पुढे चालणारा. सकाळी दहाच्या सुमारास त्याचा पाय मुरगळला आणि हा बहाद्दर संध्याकाळी पाचपर्यंत तसाच चालला, कोणाला काही बोलला नाही. बूट काढला तेव्हा घोटा शहाळ्याएवढा झालेला. दुसऱ्या दिवशी वाडीतल्या दोन माणसांनी आळीपाळीनं पाठुंगळी मारून त्याला खाली आणला, अख्ख्या ग्रुपचा दिवस गेला. का नाही बोललास म्हटलं तर म्हणतो, "बाई, सगळे म्हणाले असते नाटक करतोय." आणि त्याच ट्रिपला एक मुलगी होती, हडकुळी, पीटीच्या तासाला कायम सावलीत बसणारी, तिनं पहिल्याच चढाला माझा दुपट्टा धरला आणि सरळ म्हणाली, बाई मला खाली बघितलं की गरगरतंय, मी तुमच्या मागेच राहणार. तीन दिवस माझ्या मागेच राहिली आणि सगळं पूर्ण करून आली. आता या दोघांत तयार कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

म्हणून माझं म्हणणं असं की परीक्षा घ्यायची तर ही घ्या. कॅम्पच्या लीडरचा नंबर पोराच्या हातात द्या आणि सांगा, तू फोन कर आणि तुझ्या तोंडानं सांग की मला दमा आहे, धाप लागली की मी पंप घेतो, तो माझ्याकडे कुठे असेल आणि कधी लागतो. तुम्ही फॉर्मवर लिहिणारच आहात, ते लिहायलाच हवं, त्यात लपवाछपवी अजिबात नको (काही पालक मुलाला घेणार नाहीत म्हणून आजाराचा रकाना कोरा सोडतात, असं कधी करू नका). पण फॉर्म तुमचा आणि फोन त्याचा. फोन करायला तयार झाला, अडखळत का होईना बोलला, तर पाठवा. दोन आठवड्यांत रोज उद्या करतो उद्या करतो चाललं तर या वर्षी पैसे भरू नका. संडास इथे घराजवळ आहे म्हणून त्याचं निभावतं, रसाळगड ते सुमारगड वाटेवर पंधरा पोरांच्या रांगेत तो कुठे जाणार लपून पंप घ्यायला? झाडामागे जाईल, मागे पडेल, नाहीतर घेणारच नाही. यातल्या तिसऱ्याची मला भीती वाटते.

त्याची लाजही अशी काढू नका की काय बायकांसारखा लाजतोस वगैरे, आपल्याकडे घरातले पुरुष हमखास असं बोलतात. चौदाव्या वर्षी सगळ्यांसारखं दिसणं हाच मोठा प्रश्न असतो, त्यात नवल काही नाही. त्याचा आतेभाऊ बरोबर आहे ना, मग आधी त्या एकालाच सांगू दे. एकदा एका मित्रासमोर पंप घेतला आणि आभाळ कोसळलं नाही हे दिसलं की पुढचं सोपं जातं. कबड्डीच्या प्रॅक्टिसला घेतला तर अजून चांगलं.

आता दम्याचं पुढचं. पैसे भरायच्या आधी तुमच्या डॉक्टरकडे एकदा जाऊन याच, आणि तोही बरोबर हवा, डॉक्टरांशी त्यालाच बोलू दे. विचारायचं ते हे की चढावर धाप लागू नये म्हणून निघायच्या आधी काही घ्यायचं का, रोजचा पंप जर कधी चालू होता आणि बरं वाटतंय म्हणून तुम्हीच बंद केलात तर तो परत सुरू करायचा का. रोजचा पंप वेगळा आणि धाप लागल्यावरचा वेगळा, हे पुष्कळ घरांत माहीतच नसतं, दोन्ही एकच समजून वापरतात. दिवाळीनंतरचे दिवस बघा, पहाटे डोंगरात गारठा आणि दव, दुपारी ऊन, सगळीकडे भातकापणी-झोडणी चाललेली, गवताचा भुसा उडतोय, संध्याकाळी चुलीचा धूर. दमा उचल खायला जे जे लागतं ते सगळं या पाच दिवसांत एकत्र आहे. म्हणजे जाऊ नये असं नाही, दमा असलेली कितीतरी पोरं व्यवस्थित ट्रेक करतात, पण चुलीजवळ जेवण ढवळायची ड्यूटी त्यानं घेऊ नये आणि ते त्यानंच सांगायला हवं, परत तिथेच आलो बघा. धापेचे पंप दोन द्या, एक त्याच्या कमरेच्या पाऊचमध्ये आणि एक लीडरकडे. मोठ्या बॅगेच्या तळाशी स्लीपिंग बॅगखाली ठेवलेला पंप असून नसल्यासारखा. आणि लीडरला हे माहीत हवं की पंप घेऊनही धाप थांबत नसेल, पोराला एक वाक्य सलग बोलता येत नसेल तर बसून वाट बघायची नाही, त्याला खाली न्यायचं, १०८ ला फोन करायचा. त्या भागात कळंबणीला उपजिल्हा रुग्णालय आहे, पण गडावरून तिथपर्यंत पोचायचं कसं आणि किती वेळात, ते त्यांनी आधी सांगायला पाहिजे.

मग वजन. कॅम्पवाल्यांची सामानाची यादी तुम्ही पाठवली नाहीत पण अशा याद्या मी भरपूर बघितल्यात, स्लीपिंग बॅग, मॅट, ताट-वाटी, बॅटरी, कपडे, कोरडा खाऊ, तीन लिटर पाणी, आणि वर ग्रुपचा शिधा म्हणून प्रत्येकाकडे किलो-दीड किलो तांदूळ-डाळ. बघता बघता दहा-अकरा किलो होतं. केंद्राच्या २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत शाळेचं दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असं आहे, म्हणजे तुमच्या मुलाला साडेचार किलो. डोंगरात तेवढ्यात भागत नाही हे मान्य, पण पहिल्याच वेळी ४६ किलोच्या पोरानं सात-साडेसात किलोच्या वर उचलू नये असं मला वाटतं, आणि त्यातले तीन तर नुसतं पाणीच. म्हणजे बाकीच्या सगळ्याला उरले साडेचार. वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात नेऊन करा, लाजायचं काय त्यात.

बॅग त्यालाच भरू दे. तुम्ही भरलीत तर परीक्षा तुमची झाली, आणि टॉवेल कुठल्या कप्प्यात आहे हे विचारायला रात्री आठला महिपतगडावरून फोन लागणार नाही.

होडी आणि पोहणं याबद्दल. किनाऱ्यावरच्या पोरांची छाती, खांदे मजबूत असतात पण त्यांना उतरायची सवय नसते, आणि डोंगरात गुडघे बोलतात ते उतरताना. तुमच्याकडे वाडीतून सड्यावर जायची घाटी असेलच, जांभ्याच्या पायऱ्यांची. भरलेली बॅग घेऊन, कॅम्पला घालणार तेच बूट घालून, रविवारी सकाळी ती घाटी चार वेळा चढून उतरू दे. वर सड्यावर एकूण तासभर चालू दे. संध्याकाळी परत एकदा. आणि सोमवारी सकाळी पुन्हा, हे महत्त्वाचं, कारण एक दिवस कोणीही चालतं हो, दुखऱ्या पायांनी दुसऱ्या दिवशी ओलसर मोजे चढवून परत बॅग उचलायची म्हणजे बॅकपॅकिंग. नवीन बूट घेणार असाल तर आजच घ्या, कॅम्पच्या आदल्या दिवशी घेतलेला बूट म्हणजे टाचेला फोड ठरलेलाच. तुम्ही त्याच्याबरोबर जाऊ नका, काकाला पाठवा आणि काकाला सांगून ठेवा की स्वतःहून काही विचारायचं नाही, दमलास का, पाणी हवं का, काही नाही. पोरगा आपणहून थांबतो का, पाणी पितो का, पंप काढतो का, एवढंच बघायचं.

एक रात्र खळ्यात झोपवा. मोबाईल घरात. स्वतःची खिचडी स्वतः शिजवायची, ताट स्वतः घासायचं, डास चावले तर चावले. रात्री कुत्री भुंकली, काही सळसळलं तर काय करतो बघा. सकाळी संडासला पाण्याची बाटली घेऊन परड्याच्या कडेला जाऊन खड्डा खणून माती लोटून यायचं, हे जरा ऐकायला कसंतरी वाटेल पण शहरातली पोरं कॅम्पला जाऊन दोन-दोन दिवस संडासला जातच नाहीत आणि मग पोट दुखतं म्हणून रडतात, मी बघितलंय. आणि बूट सकाळी झटकून घालायची सवय आत्ताच लावा. आपल्या कोकणात लाल विंचू आहे, फुरसं आहे, घोणस आहे. एके काळी लाल विंचवाच्या दंशानं आपल्याकडे पोरं दगावायची, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन गोळीचा उपचार दाखवून दिला तेव्हा कितीतरी जीव वाचायला लागले, त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी. पण गोळी द्यायला दवाखान्यात तर पोचावं लागतं ना. सापाचंही तेच, चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, पाय हलवायचा नाही, आणि उचलून सरळ सरकारी हॉस्पिटल. हे तुमच्या मुलाला आणि त्याहून जास्त त्या लीडरला पाठ पाहिजे.

लीडरवरून आठवलं, पोराची परीक्षा घेताय तशी कॅम्पवाल्यांचीही घ्या, पैसे तुम्ही देताय. राज्य सरकारनं २०२१ ला साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यात अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, तर नोंदणी आहे का विचारा, कागद बघायला मागा. पोरं किती आणि मोठी माणसं किती. फर्स्ट एडचा कोर्स केलेलं नक्की कोण, आणि तो माणूस पाचही दिवस बरोबर आहे का, की पहिल्या दिवशी फोटोपुरता. रात्री पोरांबरोबर कोण झोपतं. मुली असतील तर बाई लीडर आहे का, तुमचा मुलगा असला तरी हे विचारा, उत्तरावरून संस्था कळते. टाक्यातलं पाणी उकळून देणार की असंच. आणि सुमारगडाचं खास विचारा, तिघांत सगळ्यात छोटा पण माथ्याजवळचा टप्पा सगळ्यात अवघड तिथेच आहे, तिथे पोरांना दोर लावणार का, आणि ज्याला वर जायचं नाही त्यानं खाली थांबलं तर त्याच्याजवळ कोण थांबणार. या शेवटच्या प्रश्नाला "अहो ताई, सगळेच जातात, काही होत नाही" असं उत्तर आलं तर मी तिथेच फोन ठेवेन. पोरानं नाही म्हणायला शिकावं म्हणून आपण घरी एवढी खटपट करणार आणि तिथे नाही म्हणणाऱ्याला जागाच नसेल तर उपयोग काय.

तुम्ही सगळे डोंगराला घाबरताय, मला तुमच्या मुलाची काळजी डोंगरापेक्षा शेवटच्या दिवसाची जास्त वाटते. मुरूडचा बीच. चार दिवस चालून अंग आंबलेलं, आता संपलं म्हणून सगळे सैल सुटलेले, पुण्या-मुंबईची पोरं पाणी बघून वेडी झालेली, आणि त्यांच्यात एकटा तुमचा मुलगा पट्टीचा पोहणारा. तो मागे राहील? दोन जण छातीभर पाण्यात गेले की हा गळ्यापर्यंत जाणार, आणि कोणी ओढलं जायला लागलं तर हाच धावणार वाचवायला. तो काकाबरोबर ज्या पाण्यात उतरतो ते त्याच्या पायाखालचं पाणी आहे, मुरूड-हर्णैचा किनारा त्याच्या ओळखीचा नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तृतीया, म्हणजे पाचवा दिवस सप्तमीच्या आसपास येतो, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते दिवस, अमावास्येचं उधाण तोवर उतरलेलं असेल, हे काका मला सांगतीलच. पण ओहोटीला बाहेर ओढणारं पाणी भांगातपण असतं आणि कॅम्पवाल्यांना भरती-ओहोटीचं वेळापत्रक माहीत असेलच असं नाही. तेव्हा लीडरला विचारा पाण्यात किती उतरू देणार, भरतीची वेळ बघून ठरवणार का, आणि मुलाला काकाकडून बजावून घ्या की त्या दिवशी गुडघ्याच्या वर पाणी नाही, कोणी बुडत असेल तर आत जायचं नाही, आरडाओरडा करायचा आणि दोरी, कॅन, ओंडका जे हाताला लागेल ते फेकायचं. तुम्ही सांगाल तर ऐकणार नाही, काकानं सांगितलं तर ऐकेल, पाण्यातली माणसं पाण्यातल्या माणसाचंच ऐकतात.

घरातल्या दोघांचं. तुमच्या यजमानांच्या कुर्ल्या मला मान्य आहेत, पण ते जायचे ते स्वतःच्या खाडीत, बरोबर गावातली चार पोरं, हाक मारली तर दुसऱ्या वाडीतून कंदील घेऊन कोणीतरी येईल एवढ्या अंतरावर. आणि त्यांना दमा नव्हता. सासूबाईंना मात्र नुसतं गप्प करू नका, त्यांना त्या रात्री खळ्यात पोराजवळ पडवीत बसू दे, त्यानं शिजवलेली खिचडी खाऊ दे. आजीला नातू डोंगरात नकोय असं नाही, तिला तो उपाशी राहील अशी भीती आहे, बहुतेक आज्यांचं तेवढंच असतं.

आणि समजा त्यानं फोन केलाच नाही, किंवा घाटीवर काकापासून लपून पंप घेतला, तर तू नापास असं काही म्हणू नका. सरळ सांगा की या वर्षी पाच दिवसांचं नाही, मे महिन्यात उन्हामुळे जमणार नाही, पण जानेवारीत एका रात्रीचं काहीतरी बघू, आतेभावाला इकडे बोलवू, बाबा किंवा काका बरोबर, एकच गड, संध्याकाळी वर आणि सकाळी खाली. रुसेल, दोन दिवस जेवणार नाही, मग जेवेल. भाऊबीजेला आतेभाऊ येणार असेल तर त्याच्यासमोर मात्र हा विषय काढू नका, आणि दम्यामुळे नाही म्हटलं असं तर अजिबातच नाही, नाहीतर तो पंप संडासातून कायमचा बाहेर येणार नाही.

पैसे भरायची तारीख यायच्या आधी मला परत लिहा. फोन केला का, काय बोलला, आणि घाटीवर पंप कुठल्या खिशात होता तेही लिहा.